कलम सात : जोडावरचा रंग

सूड घ्यायचा असेल तर माणसाने निवांत नोकरी धरावी, असं वृंदा शेवडेचं मत होतं. धावपळीच्या नोकरीत माणूस रागावतो, घरी जातो, जेवतो आणि विसरतो. वाघदरीच्या माळावरच्या लष्करी प्रयोगशाळेत ती भीती नव्हती. तिथे एक पुस्तक लिहिण्याचं काम चाले, आणि त्याची नवी आवृत्ती निघेपर्यंत लिहिणारे चष्म्याचे दोन-तीन नंबर ओलांडून जात.

पुस्तकाचं नाव होतं 'लष्करी उपकरणांच्या विद्युतचुंबकीय सुसंगततेची हस्तपुस्तिका'. हे म्हणून होईपर्यंत हातातला चहा निवे, म्हणून सगळे तिला नुसतं 'पोथी' म्हणत.

पोथीचा विषय तसा घरगुती. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू गप्प बसत नाही. रेडिओ बोलतो, तो त्याचा धंदाच. पण मोटर, दिवा, संगणक हेसुद्धा आपापल्या परीने पुटपुटत असतात. उलट प्रत्येक तार, तिला कुणी सांगितलेलं असो वा नसो, शेजाऱ्याकडे कान लावून बसलेली असते. रणगाड्यात अशी पन्नास बिऱ्हाडं एका पोलादी खोलीत नांदतात. एकाचं पुटपुटणं दुसऱ्याला हुकूम वाटला, की संपलं. म्हणून प्रत्येकाला धातूच्या पेटीत बसवायचं आणि झाकण घट्ट लावायचं. मग आतलं आत, बाहेरचं बाहेर.

अट एकच. झाकण आणि पेटी यांचा धातूला धातू भिडला पाहिजे. मध्ये रंगाचा थर आला, केसाइतका का असेना, की डोळ्यांना बंद दिसणारी पेटी लाटांच्या दृष्टीने उघडी. लाट फटीची रुंदी बघत नाही, लांबी बघते. हातभर लांबीची फट कागदाएवढी बारीक असली, तरी लाटेला तो दरवाजाच.

हीच गोष्ट पोथीच्या सातव्या कलमात होती. पहिल्या आवृत्तीत म्हटलं होतं, जोडावरचा रंग चकाकता धातू दिसेपर्यंत खरवडा. ही आवृत्ती लिहिणाऱ्यांनी जळालेली विमानं स्वतः पाहिली होती. दुसऱ्या आवृत्तीत 'खरवडून झाल्यावर गंज लागू नये म्हणून वंगण लावा' अशी भर पडली. ही लिहिणाऱ्यांनी गंज पाहिला होता. तिसऱ्या आवृत्तीत आलं की कारखान्याने पातळ रंग दिला असेल तर प्रत्येक जोड खरवडायची गरज नाही, नमुन्यादाखल काही खरवडावेत. ही लिहिणाऱ्यांनी कारखानदार पाहिले होते. चौथ्या आवृत्तीत सहाव्या कलमानंतर थेट आठवं येत होतं. सातवं कलम गायब, आणि ते का गेलं याबद्दल अवाक्षर नाही.

वृंदाला ते का गेलं याचा अंदाज होता. तिचा धाकटा भाऊ सदानंद भोईटे हवालदार होता, रणगाडा चालवायचा. एका सरावात त्याने हुकुमाप्रमाणे रेडिओचं बटण दाबलं आणि वरचा तोफेचा बुरूज कुणी न सांगता गर्रकन फिरला. सदाचा उजवा हात कोपरापासून गेला. त्याच्या शेजारी उभा असलेला नामदेव कचरे जागीच गेला. नामदेव सदाच्याच गावचा, एकाच बाकावर शिकलेला.

सदा दवाखान्यातून ओरडून सांगत होता, की पेटीचं झाकण उघडताना त्याची नखं हिरवी झाली होती. रंग ओला होता, अगदी जोडावरसुद्धा. चौकशी बसेपर्यंत तो रणगाडा पुसून, घासून, निराळ्या खात्यात गेला होता. अहवालात कारण लिहिलं होतं, 'मानवी चूक'. गावाने त्याचा अर्थ सरळ लावला : सदाने नामदेवला मारलं. नामदेवची बायको कमल समोरून आली की पदर ओढून रस्ता बदलायची. सदाला हाताचं एवढं वाटलं नाही. हात काय, एक उरला होता.

तेव्हा वृंदा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होती. वर्षभरात ती नोकरी सोडून ती वाघदरीला आली. सासरचं आडनाव शेवडे होतं, त्यामुळे भोईट्यांशी तिचा संबंध कुणी जोडला नाही. नवऱ्याने तिच्यासाठी केलेलं हे सर्वांत मोठं काम, असं ती म्हणायची, आणि नवराही मान डोलवायचा. मग तिने सतरा वर्षं वाट पाहिली.

दरम्यान जगात दोन गोष्टी झाल्या.

पहिली, पोथीची पाचवी आवृत्ती पुस्तक उरली नाही. तो आता एक बोलता-चालता प्रोग्राम होता. त्याने जुन्या चारही आवृत्त्या आणि सगळे अपघात-अहवाल वाचले होते. तो लष्कराच्या प्रत्येक उपकरणात बसणार होता आणि त्याने होकार दिल्याशिवाय काही चालू होणार नव्हतं. कलमांवर तो इतका कीस काढी, की सगळे त्याला शास्त्रीबुवा म्हणू लागले. शास्त्रीबुवांचा एक हट्ट होता : कारण कळल्याखेरीज कलम आत येणार नाही आणि बाहेरही जाणार नाही. ज्याने कलम काढलं तो हयात असेल तर कारण त्याच्याच तोंडून, त्याच्याच शब्दांत हवं.

चौथ्या आवृत्तीचे अध्यक्ष हयात होते. मेजर जनरल अभिजित कोरगावकर, आता निवृत्त. शास्त्रीबुवांनी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा सुबक उत्तर आलं : 'तत्कालीन परिस्थितीत समितीने सर्वंकष विचारविनिमय करून व्यापक हिताच्या दृष्टीने...' शास्त्रीबुवांनी प्रत्येक वेळी तेच कळवलं, 'हे कारण नाही. हे वाक्य आहे.'

ती उत्तरं जनरलसाहेब लिहीत नव्हते, आणि हीच दुसरी गोष्ट. मोठी माणसं कानमंत्री वापरू लागली होती. चण्याएवढं यंत्र कानात बसे, बारीक कॅमेऱ्याने समोर बघे, दूरच्या संगणकाशी बिनतारी बोले आणि मालकाला कुजबुजून सांगे : समोरचे कोण, त्यांच्या मुलीचं लग्न कधी झालं, कोणत्या विनोदाला हसायचं, आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही. पूर्वी मोठ्यांच्या कानाला लागायला चार माणसं पदरी बाळगावी लागत. आता ती सोय चण्यात आली. त्यामुळे निवृत्त अधिकारी एकाएकी नम्र, अभ्यासू आणि मितभाषी झाले. फक्त काठीची सवय लागली की पाय जसे आळसतात, तशी त्यांची स्वतःची जीभ सांभाळायची सवय गेली.

वृंदाने ही दुसरी गोष्ट पहिलीच्या शेजारी ठेवली आणि सतरा वर्षांत प्रथमच तिला शांत झोप लागली.

कारण प्रयोगशाळेत गाभारा होता. म्हणजे उपकरणं तपासायची खोली : सहा बाजूंनी पोलाद, आतून भिंतींना लाटा गिळणारे काळे फोमचे सुळके, आणि तिजोरीसारखं जाड दार. दाराच्या कडेने तांब्याच्या लवचिक पात्यांची झालर. दार मिटलं की पाती चौकटीला भिडत आणि जगातली एकही लाट आत येत नसे. शास्त्रीबुवांची तेवढी काचेची तार भिंतीतून आलेली होती. काचेतून प्रकाश जातो, रेडिओ नाही. धूळ नको म्हणून सगळे आत जाताना चपला काढत, आणि बहुधा त्यावरूनच ते नाव पडलं असावं.

आणि प्रथा अशी होती, की नवी आवृत्ती निघताना जुन्या अध्यक्षाने गाभाऱ्यात जायचं, दार लावून घ्यायचं आणि आपण काय बदललं, का बदललं, ते नव्या समितीला सांगायचं. अलीकडे ती प्रथा नारळ फोडण्यापुरती उरली होती. पण निमंत्रण गेलं. कानमंत्र्याने समारंभ चांगला असल्याचा निर्वाळा दिला असणार, कारण साहेबांचा होकार त्याच दिवशी आला.

समारंभाच्या दिवशी सकाळी वृंदा एकटीच गाभाऱ्यात शिरली. दार लावलं, खात्री करण्यासाठी मोबाइल बाहेर काढला, आणि तो वाजला.

प्रयोगशाळा उभी राहिल्यापासून गाभाऱ्यात फोन वाजला नव्हता.

"ताई, आलो बरं का. ष्टँडवर हाय," तिने बोलावून घेतलेल्या सदाचा आवाज खणखणीत आला.

"सदा, तुझा फोन लागायला नको होता."

"बरं, मग ठिवू?"

"ठेव. आणि रिक्षा करून लगेच ये."

तिने दाराची कड पाहिली. लष्करात पाहुणा यायचा म्हटलं, की दगडाला गेरू, झाडाला चुना आणि उरलेल्या सगळ्याला हिरवा. आदल्या दिवशी रंगारी येऊन गेले होते. तांब्याच्या पात्यांची झालर, चौकट, बिजागऱ्या, सगळं एकसारखं, सुंदर, हिरवंगार. कोरगावकरसाहेबांना चकाचक आवडतं, असं त्यांच्या कार्यालयाने मुद्दाम कळवलं होतं.

वृंदा उंबऱ्यावर बसली. गाभारा गळत होता. म्हणजे कानमंत्री आत येणार, साहेब आणखी एक वाक्य बोलणार, आणि सदा मानवी चूक म्हणूनच मरणार. ज्या रंगाने त्याचा हात नेला, तोच रंग त्या माणसाला वाचवायला इथवर आला होता.

सदा आला, त्याने दार पाहिलं आणि आधी हसून घेतलं. मग खिशातून चाकू काढला.

"सुधारलं न्हाईत म्हन की. दे ती चिंधी."

दोघं दाराशी बसली. पाती नाजूक, जोर केला की मोडतात, हलकं धरलं की रंग सुटत नाही. सदा डाव्या हाताने एकेक पातं अंगठ्यावर पेलून खरवडू लागला. हिरवी साल निघे, खालचं तांबं उघडं पडे. वृंदा चौकटीवर लागली. पहिल्या आवृत्तीत सांगितलं होतं तसंच, चकाकता धातू दिसेपर्यंत.

"ताई, एक इचारू? त्यो आत जाऊन खोटंच बोलला तर?"

"खोटं बोलायला आठवण लागते. त्याची आठवण कानात आहे. ती दाराबाहेर राहील."

"आन् माफी मागितली तर?"

"मला त्याची माफी नको. वाक्यं पण पुरे झाली. मला त्याचं कारण हवंय."

सदाने पुढचं पातं धरलं. "आपल्या आबांचं शेजाऱ्याशी बांधावरनं वाजलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी म्हस सोडली त्याच्या उसात. तू सतरा वर्सं घालवलीस. एवढं शिकून काय उपेग?"

"म्हैस दुसऱ्या दिवशी परत आणावी लागली होती, सदा. दंड भरून."

"त्ये बी खरंच."

काही वेळाने तो खाली मान घालूनच म्हणाला, "मला त्याचं काय बी करायचं न्हाई. कमलवयनीला कळलं म्हंजे झालं. तिचा पोरगा लग्नाला आला. मला आवतान न्हाई यायचं, पन निदान तिनं रस्ता तरी बदलू नये."

वृंदाने चौकटीची पुढची कड घासायला घेतली. तिला त्याचं बरंच काही करायचं होतं.

पाहुण्यांच्या गाड्या फाटकाशी आल्या तेव्हा शेवटचं पातं साफ झालं. वृंदा आत गेली, दार लावलं आणि फोनकडे बघत उभी राहिली. बाहेरून सदा नंबर लावत होता. फोन मुका राहिला. मग तिने सदाला आत घेतलं आणि चहाचा थर्मास देऊन दाराआडच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. तो बाहेर दिसता, तर कानमंत्र्याने चेहरा ओळखला असता.

कोरगावकरसाहेब उंच, गोरेपान आणि प्रसन्न होते. त्यांनी आवारातल्या गेरू लावलेल्या दगडांकडे समाधानाने पाहिलं. वृंदासमोर येताच क्षणभर थबकले, कान जरासा कलला, आणि म्हणाले, "शेवडे मॅडम, मोटारींच्या गोंगाटावरचा तुमचा निबंध फार मौलिक आहे."

"वाचलात आपण?"

पुन्हा कान कलला. "विशेषतः तिसरं प्रकरण."

दारावर पाटी होती : 'आत बोललेला प्रत्येक शब्द पोथीच्या कामासाठी नोंदला जातो.' साहेबांनी त्या पाटीकडे पाहिलंही नाही. पाट्या वाचण्याचं काम दुसऱ्याकडे होतं, आणि ते खातं रोजच्या पाट्यांबद्दल साहेबांना त्रास देत नसे. त्यांनी बूट काढले. समितीची आणखी दोन माणसं आत आली. वृंदाने दार ओढलं. पाती चौकटीला भिडल्याचा बारीक आवाज झाला.

साहेबांचा हात कानाकडे गेला.

"इथे नेटवर्क नाही?"

"गाभारा आहे, साहेब. इथे कुणाचंच लागत नाही."

ते घाबरतील, अशी तिची अपेक्षा होती. त्यांनी खोलीकडे पाहिलं, काळ्या सुळक्यांकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे सैल पडले. आणि ते फुलले. पथ्य सुटलेला माणूस लग्नाच्या पंगतीत बसावा, तसे ते खुर्चीत बसले.

"काय शांत वाटतंय हो. कित्येक वर्षांनी कुणी मला गप्प बस म्हणत नाहीये." त्यांनी पाय लांब केले आणि एका मंत्र्याच्या टोपाची गोष्ट सांगितली. ती खरोखर चांगली होती. समितीतला एक जण हसला, आणि साहेब आणखी खुलले.

"कलम सात," शास्त्रीबुवा भिंतीतून म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा आणि आदबशीर होता. "चौथ्या आवृत्तीत काढलं. कारण?"

"अरे, ते होय. त्याची तर मोठी मजा आहे. मी तेव्हा ब्रिगेडियर. मंत्री पाहणीला येणार, आणि रणगाडे म्हणजे भंगाराच्या दुकानातले. मी म्हटलं, सगळे रंगवा, आतून-बाहेरून. एक इंजिनियर पोथी घेऊन आला, म्हणे जोडांवर रंग चालत नाही. मी म्हटलं, बाबा, मंत्री जोड बघणार की रणगाडा बघणार? रंगवले. काय दिसत होते. मग सरावात तो प्रकार झाला. ड्रायव्हरने रेडिओ लावला आणि बुरूज फिरला. एक माणूस गेला, आणि त्या ड्रायव्हरचा हात... काय बरं त्याचं नाव?"

सवयीने त्यांचा कान कलला. कुणीच काही सांगितलं नाही.

"सदानंद भोईटे," कोपऱ्यातून आवाज आला.

"हां, भोईटे. शाबास. तू ओळखायचास का त्याला?"

"थोडंफार, सायेब."

"चांगला होता म्हणे पोरगा. पण चौकशी म्हटली की कुठेतरी बोट दाखवावं लागतं. मी म्हटलं, मानवी चूक लिहा. मानवी चूक लिहिलं की फाइल झोपते. कुणी पुढे विचारत नाही, कोणता मानव."

"आणि कलम?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी चौथी आवृत्ती माझ्याकडेच आली. मी विचार केला, हे कलम असं ठेवलं तर कोणीतरी शहाणा विचारणार, पाळलं होतं का? म्हणून काढून टाकलं." साहेब मनापासून हसले. "कलमच नसलं, तर मोडलं कोणी?"

या वेळी कुणीच हसलं नाही.

"हे कारण आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "नोंदलं."

"नोंदलं म्हणजे?"

"दारावर पाटी आहे, साहेब," वृंदा म्हणाली.

सदा उठला. थर्मासमधून कप भरला आणि डाव्या हाताने साहेबांसमोर धरला. साहेबांची नजर कपावर गेली, मग दुसऱ्या बाजूला, जिथे शर्टाची बाही दुमडून पिन लावलेली होती. बराच वेळ तिथेच राहिली.

"साखर घातलीया," सदा म्हणाला. "आन् गेला त्याचं नाव नामदेव कचरे. पुढं लागंल, म्हनून सांगून ठिवतो."

दार उघडायची मूठ वृंदाच्या हातात होती. जाड दार, पोलादी भिंती, आत कुणाचंच लागत नाही. तिच्या मनात जे आलं ते सतरा वर्षं रोज येत होतं, फक्त आज मूठ खरी होती. साहेब तिच्याकडे बघत होते. आता त्यांना काय बोलायचं ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि स्वतःहून त्यांना काही सुचत नव्हतं. तिने त्यांना हवं तेवढं बघू दिलं. त्यांच्या कपातला चहा निवून साय धरेपर्यंत. मग तिने मूठ फिरवली.

बाहेर पाऊल पडताच साहेबांचा कान कलला. कानमंत्र्याने काय सांगितलं ते वृंदाला ऐकू आलं नाही. पण साहेबांचं मिटलेलं तोंड गाडीत बसेपर्यंत उघडलं नाही, त्यावरून सल्ला उत्तम असावा. किंचित उशिरा आला इतकंच. ते बूट घालायलाही थांबले नाहीत. चुना मारलेल्या झाडांच्या रांगेतून एक मेजर जनरल मोज्यांवर चालत गेला, आणि पहारेकऱ्याने सवयीने त्याला सलाम ठोकला.

पाचवी आवृत्ती महिन्याभरात लागू झाली. सातवं कलम परत आलं. शास्त्रीबुवांच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कलमाखाली कारण, आणि कारण सांगणाऱ्याच्याच शब्दांत. सैन्याच्या प्रत्येक प्रशिक्षण शाळेत नवे जवान ते मोठ्याने पाठ म्हणू लागले, पार 'मोडलं कोणी'पर्यंत. चौकशी पुन्हा उघडली आणि अहवालातलं कारण बदललं. ते बदलताना शास्त्रीबुवांनी 'मानवी चूक' हे शब्द खोडले नाहीत. फक्त कोणता मानव, ते पुढे लिहिलं.

कोरगावकरसाहेबांकडून पत्रं येऊ लागली, की ते शब्द वगळावेत. कानमंत्री मोठा कसबी. दर वेळी नवं, गोळीबंद वाक्य असे. शास्त्रीबुवा दर वेळी एकाच शब्दात उत्तर देत : 'कारण?' कानमंत्री थकत नाही आणि शास्त्रीबुवाही थकत नाहीत. साहेब मात्र थकले, असं ऐकण्यात आलं. वृंदा ती पत्रं आवडीने वाचते. तिची निवृत्ती जवळ आली आहे, पण तिने मुदतवाढ मागितली.

कमल गावात सदाच्या दाराशी आली. आत आली नाही, अंगणातच उभी राहिली. "पोराचं लगीन हाय रविवारी," ती म्हणाली. "त्याच्या बापाच्या जागी कुनीतरी उभं ऱ्हायला पायजे." सदाने ताईला फोन करून तेवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

लग्नाचे लाडू द्यायला तो वाघदरीला आला, तेव्हा प्रयोगशाळेत पुन्हा कोणीतरी मोठं येणार होतं. दगडांना गेरू लागला होता, झाडांना चुना. एक नवखा रंगारी हिरव्या रंगाचा डबा घेऊन गाभाऱ्यापाशी आला आणि त्याने पात्यांवर ब्रश टेकवला मात्र, दारात बसवलेल्या शास्त्रीबुवांच्या कर्ण्यातून एक भारदस्त, खुशालचेंडू आवाज सुरू झाला : "...मी म्हटलं, बाबा, मंत्री जोड बघणार की रणगाडा बघणार? रंगवले. काय दिसत होते..."

रंगाऱ्याचा हात वरच्या वर थांबला. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"ह्ये कोन बोलतंय?" त्याने विचारलं.

सदाने लाडवाचा डबा त्याच्यापुढे केला.

"मानवी चूक," तो म्हणाला. "घे, लाडू खा."